बंदरपट्टीतून जंगलपट्टीकडे

१९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, एकमेकांपासून फार लांब नसलेल्या दोन गावांत, पांढरपेशा घरांतल्या तिघीजणी कामाला लागल्या. बोर्डीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. २३ मे रोजी झरी गावात वारल्यांची परिषद भरली, तिच्या मागे शामराव आणि गोदावरी परुळेकर होते. याला आता ऐंशी वर्षं होऊन गेली. दांडी, उच्छेळी, नवापूर या बंदरपट्टीतल्या गावांच्या आम्ही बायका ही नावं अभिमानाने घेतो. पण या तिघींच्या आयुष्यातून उभा राहणारा प्रश्न आम्ही अजून उचललेला नाही: ज्या अन्यायाबद्दल आपण हळहळतो, त्यात आपल्या घराचा वाटा किती?

गोदावरीबाई माहेरच्या गोखले. पुण्याचं ब्राह्मण घर, कायद्याची पदवी, भारत सेवक समाजाचं सभासदत्व. मुंबईत त्यांनी घरकाम करणाऱ्यांची संघटना बांधली होती. त्यांच्यापुढे सुखाची वाट मोकळी होती. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे उंबरगाव तालुक्यातले थोडे वारली आले, त्यांत माह्या धांगडा होता. त्याने वेठीबद्दल सांगितलं. लग्नासाठी सावकाराकडून चार पैसे घेतले की नवराबायको दोघंही त्याचे लग्नगडी होत आणि कर्ज काही फिटत नसे. जमीनदार बोलावील तेव्हा बिनमजुरीने राबायचं, नाही गेलं तर मार. बायकांवर तर याहून वाईट प्रसंग येत. झरीच्या परिषदेत वारल्यांनी वेठ नाकारली आणि पुढच्या काही महिन्यांत लग्नगडी मोकळे होऊ लागले.

या काळाचं वर्णन गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात केलं आहे. ते १९७० साली आलं आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते वाचताना मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्यांचं शिकणं. वारल्यांच्या झोपडीत राहायचं, त्यांच्यात जेवायचं, पायी फिरायचं. त्यांचं बोलणं कळेपर्यंत ऐकत राहायचं. त्या दया घेऊन गेल्या नाहीत. मागणी वारल्यांची होती. त्यांनी तिला संघटनेचं बळ दिलं. १० ऑक्टोबर १९४५ च्या रात्री तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी मेले. सरकारने परुळेकरांना जिल्ह्याबाहेर काढलं, तरी चळवळ थांबली नाही. १९४६ साली पाचशे पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये मिळावेत म्हणून वारल्यांनी संप केला. पुढारी तडीपार असतानाही लोक टिकून राहिले. गोदावरीबाईंच्या कामाला याहून मोठं प्रमाणपत्र नाही.

या इतिहासात मला एक जागा रिकामी दिसते. वेठ शेतावर होती तशी जमीनदाराच्या घरातही होती. लाकूडफाटा, पाणी, दळणकांडण ही कामं कुणाच्या देखरेखीखाली चालत? घरातल्या बाईच्याच. ती स्वतः उंबऱ्याच्या आत कोंडलेली होती, हे खरं. तिच्या आतल्या या कोंडण्याला लागूनच दुसऱ्या बाईचं बाहेरचं राबणं उभं होतं, हेही तितकंच खरं.

ताराबाई आणि अनुताईंची वाट वेगळी, संथ होती. बोर्डीच्या बालवाडीत वस्तीवरची मुलं येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. आज देशभर ज्याला अंगणवाडी म्हणतात त्याचं मूळ तिथलं. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा झाली. त्यांनी जमीनदारीला थेट हात घातला नाही. पण येत नाहीत म्हणून मुलांना दोष न देता त्यांनी स्वतःची जागा बदलली.

हा प्रश्न आपल्याच मातीतला आहे असं नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत जमावाने काळ्या पुरुषांना ठार मारायचं आणि ‘गोऱ्या बायकांच्या अब्रूसाठी’ असं म्हणायचं, अशी रीत होती. १९३० साली जेसी डॅनियल एम्स या गोऱ्या बाईने संघटना काढली आणि पुढे हजारो गोऱ्या बायकांकडून लिहून घेतलं की आमच्या नावावर हे खून करू नका. तिच्या संघटनेत फक्त गोऱ्या बायका होत्या, ही तिची मोठी मर्यादा. पण आपल्या अब्रूचा हत्यारासारखा वापर होतो, हे तिने ओळखलं. बाबासाहेबांनी १९१६ सालीच, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात, जात टिकते ती बायकांवरच्या बंधनांतून, हे दाखवलं होतं. त्याही आधी, १८७३ मध्ये, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामगिरी संपवणाऱ्यांना अर्पण केली. जोतीरावांच्या चळवळीचा अभ्यास करायला मिनेसोटाची एक गोरी मुलगी, गेल ऑम्व्हेट, आपल्याकडे आली. ती सांगली जिल्ह्यातल्या कासेगावची झाली, १९८३ साली तिने भारताचं नागरिकत्व घेतलं आणि २०२१ साली तिथेच डोळे मिटले.

महाराष्ट्राच्या स्त्रीचळवळीला हा प्रश्न थेट विचारला दलित बायकांनी. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’मधून आंबेडकरी बायकांचं काम पुढे आणलं. ते वाचल्यावर स्त्रीमुक्तीची सुरुवात सत्तरच्या दशकात झाली, असं म्हणायची सोय उरली नाही. पुण्याच्या शर्मिला रेगे यांनी १९९८ साली लिहिलं त्याचा आशय असा: दलित बायकांचं त्या बघून घेतील, असं म्हणून सवर्ण स्त्रीवाद्यांना बाजूला होता येणार नाही, त्यांच्या वतीने बोलताही येणार नाही, आपली विचार करण्याची जागाच बदलावी लागेल. रेगे २०१३ साली गेल्या. त्यांचं म्हणणं मला आजही पटतं.

आता आमच्या बंदरपट्टीकडे येते. आम्ही काही ब्राह्मण नाही, असं आमच्याकडे पटकन म्हटलं जातं. मांगेला, वैती, भंडारी घरांनीही खूप सोसलं आहे. तारापूरला १९६९ मध्ये अणुवीज सुरू झाली, पाठोपाठ औद्योगिक वसाहत आली, कारखान्यांचं सांडपाणी खाडीत उतरलं. मासळी घटली आणि पाटी घेऊन बाजारात बसणाऱ्या बाईच्या पोटावर आलं. हे सगळं खरं आहे. पण वाडीच्या कामाला, लावणीला, घरच्या भांड्यांना जंगलपट्टीतल्या वारली-कातकरी बाया येतात, त्यांना काही घरांत अजून वेगळा कप असतो. अहो-जाहो नसते. मजुरी ठरवताना आपली जीभ कशी चालते, तेही आपल्याला ठाऊक आहे. ज्याला वरून मारलं जातं तो खालच्याला मारत नाही, हा समज चुकीचा आहे.

आमच्याच किनाऱ्यावर होऊ घातलेल्या वाढवण बंदराच्या विरोधात कोळणी आणि आदिवासी बाया एकत्र रस्त्यावर आल्या, हे या ऐंशी वर्षांतलं मला आशा देणारं पान आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बंदराचं भूमिपूजन झालं, विरोध तरी मावळला नाही. आपल्या समुद्रासाठी आदिवासी बायांनी घोषणा द्याव्यात असं आपल्याला वाटतं, तर त्यांच्या वनजमिनीच्या दाव्यासाठी आपणही तहसील कचेरीसमोर बसलं पाहिजे.

दांडीतल्या बायांनो, १ जूनला मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढल्या की बचत गटात ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मोठ्याने वाचायला घ्या. आपल्या वाडीत काम करणाऱ्या बाईला त्या दिवशी बोलवा. ते लावणीचे दिवस असतील, तेव्हा तिची पूर्ण मजुरी तिच्या हातात द्या आणि आधी तिला बोलू द्या.