एक्स-रेमधल्या डागाला आधी नाव मिळू द्या

दोन-तीन आठवडे न थांबणारा खोकला, संध्याकाळी येणारा बारीक ताप, दिवसेंदिवस उतरणारे वजन. गल्लीतल्या डॉक्टरांचे औषध दोनदा घेऊन होते, मग छातीचा एक्स-रे काढला जातो आणि फिल्मवर एका बाजूला पांढरा डाग दिसतो. उल्हासनगरचे कॅम्प असोत की अंबरनाथ-बदलापूरच्या चाळी, या डागाविषयी घरात दोनच निष्कर्ष निघतात. कोणी म्हणते, "टीबी असेल, सहा महिन्यांत बरा होईल." कोणी दाराआड हळूच म्हणते, "आता काही उरले नाही, अब्बांची घरीच सेवा करा." हे दोन्ही अंदाजच असतात आणि अशा अंदाजांवर गेलेले तीन-चार महिने फुफ्फुसाच्या आजारात फार महाग पडतात. आमचे सांगणे एवढेच आहे की, तपासणीतून डागाला नाव मिळेपर्यंत धीरही सोडू नये आणि निर्धास्तही राहू नये.

डाग म्हणजे नेमके काय?

फुफ्फुसातली गाठ ३ सेंटिमीटरपर्यंत असेल तर डॉक्टर तिला नोड्यूल म्हणतात, त्याहून मोठी असेल तर मास. ही गाठ कर्करोगाची असू शकते. तशीच ती क्षयाची, पू साचल्याची, बुरशीची किंवा अगदी निरुपद्रवीही असू शकते. एक्स-रेमध्ये या सगळ्यांची सावली जवळपास सारखी दिसते. म्हणून केवळ फिल्म उजेडात धरून कोणी आजाराचे नाव सांगितले, तर पुढची तपासणी कोणती, हे नम्रपणे जरूर विचारावे.

क्षय आपल्याकडे खूप आढळतो, त्यामुळे डॉक्टरांना आधी त्याची शंका येते, हे स्वाभाविक आहे. पण क्षय असल्यास तो थुंकीत शोधता येतो. सरकारी केंद्रांत थुंकीची तपासणी मोफत होते आणि सीबीनॅट नावाच्या यंत्रावर काही तासांत निकाल कळतो. जंतू सापडले तर गोळ्यांचा कोर्स एक दिवसही न चुकवता पूर्ण करावा. या गोळ्या मोफत मिळतात आणि निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी दरमहा १००० रुपये रुग्णाच्या खात्यात जमा होतात.

अडचण होते ती थुंकीत जंतू सापडत नाहीत आणि तरीही केवळ एक्स-रे पाहून टीबीच्या गोळ्या सुरू होतात तेव्हा. महिना-दीड महिना औषध घेऊनही वजन वाढत नसेल, खोकला तसाच असेल, डाग कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर "कोर्स तरी पूर्ण होऊ द्या" म्हणत थांबू नये. थुंकीतून रक्त पडणे, आवाज बसणे, चेहऱ्यावर किंवा मानेवर सूज येणे, एकाच बाजूला सतत छाती दुखणे, बोटांची टोके फुगीर होणे, यांतले काही दिसले तर त्याच आठवड्यात छातीच्या तज्ज्ञांना दाखवावे.

सुईची भीती

पुढची पायरी सीटी स्कॅनची. गाठ कुठे आहे, किती मोठी आहे, आसपासच्या ग्रंथी सुजल्या आहेत का, हे त्यात कळते. पण गाठीचे नाव सीटीही खात्रीने सांगत नाही. त्यासाठी गाठीचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. यालाच बायोप्सी म्हणतात. गाठ छातीच्या कडेला असेल तर सीटीवर पाहून बाहेरून सुई घालतात. ती मधल्या श्वासनलिकेजवळ असेल तर दुर्बिणीने, म्हणजे ब्रॉन्कोस्कोपीने, आतून तुकडा घेतात.

बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. "सुई लावली की गाठ पसरते" हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. सुईमुळे कर्करोग पसरणे अतिशय दुर्मीळ आहे. खरा, पण बहुधा आटोक्यात येणारा धोका वेगळा आहे. कधी कधी फुफ्फुसाभोवती हवा साचते किंवा थोडे रक्त पडते. म्हणून सुईनंतर काही तास रुग्णाला नजरेखाली ठेवतात आणि गरज पडल्यास पुन्हा एक्स-रे काढतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे. बायोप्सी टाळल्यामुळे गाठ थांबत नाही, तिचे नाव मात्र उशिरा कळते.

कर्करोग निघाला तर "कोणता?" हा प्रश्न लगेच विचारावा. फुफ्फुसाच्या कर्करोगांपैकी साधारण ८५ टक्के एका मोठ्या गटातले असतात. त्यातल्या अॅडेनोकार्सिनोमा प्रकारात पेशींतील बदल पाहण्यासाठी ईजीएफआर, एएलके यांसारख्या चाचण्या करतात. भारतीय रुग्णांत या प्रकारातल्या साधारण चारातल्या एकात ईजीएफआरचा बदल आढळतो आणि त्यांना रोजच्या गोळीने आजार पुष्कळ काळ ताब्यात ठेवता येतो. कधी विडी-सिगारेटला हातही न लावलेल्या बायकांमध्ये हा बदल जास्त दिसतो. म्हणजे अम्मी किंवा खाला कधी धूम्रपान करत नव्हत्या, म्हणून त्यांच्या खोकल्याकडे दुर्लक्ष करणे चुकीचे आहे.

आजार कितपत पसरला आहे, हे पेट स्कॅनने पाहतात. लवकर सापडलेली गाठ शस्त्रक्रियेने काढता येते. छातीतल्या ग्रंथींपर्यंत गेली असेल तर बहुधा केमोथेरपी आणि किरणोपचार एकत्र देतात. आणखी पसरली असेल तर गोळ्या, इम्युनोथेरपी किंवा केमो. पूर्ण बरे होणे शक्य नसले तरी दम आणि वेदना कमी करणारे उपचार असतात. ते मागणे म्हणजे हार मानणे नव्हे.

इथून कुठे जायचे?

एक्स-रे, थुंकी आणि रक्ताच्या प्राथमिक तपासण्यांसाठी उल्हासनगरचे सेंट्रल हॉस्पिटल आणि अंबरनाथचे छाया रुग्णालय ही सरकारी ठिकाणे जवळ आहेत. अंबरनाथला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. कर्करोगाची शंका पक्की होत असेल तर परळचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल (स्थापना १९४१) किंवा त्याच्या समोरचे केईएम गाठावे. आपल्या कर्जत मार्गावरून दादरला गाडी बदलून परळ स्टेशनवर उतरता येते. लोकलमध्ये दिव्यांगांसाठी राखीव असलेला डबा कर्करोगाच्या रुग्णांसाठीही असतो, हे अनेकांना ठाऊक नसते.

जाताना आधार कार्ड, रेशन कार्ड, जुने-नवे सगळे एक्स-रे, सीटीची फिल्म आणि सीडी तारखेप्रमाणे लावून एका पिशवीत घ्यावे. बायोप्सी आधीच झाली असेल तर केवळ कागदी रिपोर्ट पुरत नाही. काचपट्ट्या आणि मेणाचा ब्लॉक प्रयोगशाळेतून मागून घ्यावा. त्यावरच पुन्हा तपासणी होते आणि दुसऱ्यांदा सुई लागण्याची वेळ बहुधा टळते.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार होऊ शकतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. कोणती औषधे योजनेत बसतात आणि कोणती नाहीत, हे उपचार सुरू होण्याआधीच त्यांना विचारावे. हेल्पलाइन क्रमांक १५५३८८ आहे. दागिने मोडण्याआधी किंवा व्याजाने पैसे उचलण्याआधी हा एक फोन करावा.

घर आणि जमात

इलाज करून घेणे ही आपल्या प्रेषितांची (स.) शिकवण आहे. दुआ आणि दवा यांत भांडण नाही. उंट बांधून मगच तवक्कुल करायचा असतो. दम केलेले पाणी जरूर द्या, पण त्यासाठी बायोप्सीची तारीख पुढे ढकलू नका. आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे, म्हणून केमो चालू असताना रोजाचा निर्णय डॉक्टर आणि मौलाना साहेब या दोघांना विचारून घ्यावा. तपासणाऱ्या डॉक्टर स्त्री नसतील तर घरातले कोणी सोबत थांबावे, पण तेवढ्यासाठी तपासणी टाळू नये.

रुग्णापासून आजाराचे नाव लपवण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यामागे माया असते, पण ज्याचे शरीर आहे त्याला हिशेब मिटवायचे असतात, वसीयत करायची असते, कोणाची माफी मागायची असते. हलक्या शब्दांत, पण खरे सांगावे.

जमातीनेही या वेळी पुढे यावे. गरजू रुग्णाला जकात देता येते. पैशाइतकीच गरज असते ती सोबत परळला येणाऱ्या एका जाणत्या मुलाची आणि त्या दिवशी घरातली लहान मुले सांभाळणाऱ्या शेजारणीची.

विडी-सिगारेट आजच सोडावी. एमआयडीसीत वेल्डिंग करणाऱ्यांनी मास्क आणि हवेशीर जागेचा आग्रह धरावा. वेल्डिंगचा धूर, डिझेलचा धूर आणि प्रदूषित हवा हे तिन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कर्करोगकारक ठरवले आहेत. आणि कपाटावर एखादा जुना एक्स-रे "नंतर बघू" म्हणून पडला असेल, तर तो याच आठवड्यात खाली काढावा आणि छातीच्या तज्ज्ञांना दाखवावा. अल्लाह सर्व आजारी भावा-बहिणींना शिफा देवो. आमीन.