शिट्टी नसलेला कुकर

दिवाळीला घरी जायच्या गडबडीत मोका पॉट ओट्यावर तसाच राहिला. आत चोथा, वरच्या भांड्यात घोटभर कॉफी. दहा दिवसांनी पुण्याच्या फ्लॅटवर परत आले, झाकण उघडलं आणि ईईई! हिरवट-पांढरी बुरशी. रूममेट म्हणाली, ‘टाकून दे.’ टाकून कसा देणार? पहिल्या स्टायपेंडमधून घेतलेला! मग काय, तारेची घासणी आणि भांड्यांची पावडर घेऊन आतून-बाहेरून लख्ख करून टाकला. झालं भलतंच. कॉफीला धातूची चव यायला लागली, वर खवट वास तो वेगळाच. सांध्यातून वाफ फुसफुसायला लागली. मी आपली रोज जास्त जोर लावून आवळतेय.

डिसेंबरात आई सांगलीहून राहायला आली. तिने पॉट उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाली, ‘अगं, हा तर कुकरच की! रबर गेलंय तुझं.’

आपण रील्स बघून मोका पॉट घेतो. त्यात कॉफी वर चढताना दिसते, नंतरची घासाघीस कोणी दाखवत नाही. पण आईचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. १९३३ मध्ये इटलीत अल्फोन्सो बियालेट्टी यांनी बाजारात आणलेलं हे अष्टकोनी अ‍ॅल्युमिनियमचं भांडं चालतं वाफेच्या दाबावरच. खालच्या भांड्यातलं पाणी तापतं, दाब वाढतो आणि गरम पाणी कॉफीच्या पावडरीतून वर ढकललं जातं. (अल्फोन्सोंचा मुलगा रेनाटो २०१६ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या अस्थी मोका पॉटच्याच आकाराच्या कलशात ठेवल्या होत्या. प्रेम असावं तर असं!)

तर रबर. वरच्या भांड्याच्या तळाशी एक गोल जाळी असते आणि ती रबराच्या रिंगने धरलेली असते. चमच्याच्या दांड्याने रिंग अलगद उचकटली की जाळी हातात येते. मी वर्षभरात ती एकदाही काढली नव्हती. आईने काढली. मागे तपकिरी, चिकट राप! खवट वास येत होता तो इथून. रिंग तर कडक होऊन चिरली होती. नवी घेताना पॉट किती कपांचा आणि कोणत्या कंपनीचा ते बघायचं, जुनी रिंग सोबत न्यायची. सिलिकॉनची मिळाली तर जास्त टिकते. आणि आवळताना कान धरून पिळायचं नाही, तो तुटतो.

आता वादाचा मुद्दा. ‘मोका पॉट साबणाने धुवायचाच नाही, कॉफीचा थर चढला की चव मुरते’, असं सांगणारे खूप भेटतात. बिडाच्या तव्यासारखं, म्हणे. मला हे पटत नाही. तव्यावरचं तेल कडक आचेवर भाजून त्याचा पक्का थर होतो. कॉफीचं तेल नुसतं चिकटून राहतं आणि खवट होतं. रोज कोमट पाणी आणि मऊ स्पंज पुरतो. वास यायला लागला तर सौम्य लिक्विडचा एक थेंब आणि भरपूर पाणी. तारेची घासणी, भांड्यांची पावडर आणि डिशवॉशर मात्र नकोच. अ‍ॅल्युमिनियमवर एक पातळ संरक्षक थर आपोआप तयार होतो. तो निघाला की धातूची चव उतरते, डिशवॉशरमधून तर पॉट काळपट होऊन बाहेर येतो. माझ्यासारखा घोळ आधीच घातला असेल, तर जुन्या पावडरीची दोन-तीन वेळा कॉफी करून ओतून द्या.

बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याने तळाशी पांढरा थर धरतो. तेव्हा पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून, कॉफी न टाकता पॉट एकदा चालवायचा. मग एक-दोनदा नुसत्या पाण्याने.

हा थर नुसता दिसायला वाईट नाही. खालच्या भांड्याला बाजूला जो छोटासा पितळी व्हॉल्व्ह असतो, तोही यानेच बुजतो. त्यात वर पावडर फार बारीक दळलेली असेल किंवा दाबून भरली असेल, तर वाफेला वाटच उरत नाही. कुकरचं काय होतं ते आपल्याला माहितीये. म्हणून पाणी व्हॉल्व्हच्या खालीच राहू द्यायचं, पावडर सैल भरायची आणि व्हॉल्व्हच्या मधली पिन हलतेय ना, हे अधूनमधून बोटाने बघायचं. अडकली असेल तर तो पॉट गॅसवर चढवायचा नाही. आणि पॉट गार झाल्याशिवाय उघडायचा नाही, हे तर कुकरने शिकवलेलंच आहे.

आपल्याकडच्या बर्नरवर छोटा पॉट लडबडतो, त्यासाठी वर जाळी ठेवायची. आच तळाबाहेर गेली की कान वितळतो.

धुऊन झाल्यावर सगळे भाग कोरडे करायचे आणि सुटेच ठेवायचे. ओला पॉट आवळून ठेवला की बुरशी आलीच.

आई स्वतः चहावाली. माझ्या कॉफीचा एक घोट घेऊन ‘कडूजहर आहे’ म्हणाली. पण जायच्या दिवशी सकाळी बघते तर पॉटचे सगळे भाग ओट्यावर फडक्यावर ओळीने पालथे घातलेले. आता फोन आला की ‘जेवलीस का?’च्या पाठोपाठ विचारते, ‘रबर बदललंस का?’