घसरणारी मालमोटार



सरकारी कचेरीत वीस वर्षे अंदाजपत्रके तपासण्यात घालविल्यामुळे मला एक खोड जडली आहे. खर्चाचा कोणताही कागद समोर आला, की हात आपोआप तांबड्या पेन्सिलीकडे जातो. असाच एक कागद अमेरिकेत शिकत असलेल्या माझ्या भाच्याकडून आला. त्याने एक जुनी छोटी मालमोटार, म्हणजे आपण जिला पिकअप म्हणतो ती, विकत घेतली होती आणि तिला 'ड्रिफ्टिंग'साठी सज्ज करण्याचे मनात घेतले होते. पैसे थोडे आणि हौस मोठी. "मामा, आईला इतक्यात काही सांगू नका, आधी हिशेब बघा," असे त्याने वर लिहिले होते.

हिशेब बघावयाचा तर विषय समजून घेणे आले. ड्रिफ्टिंग म्हणजे वळणावर मोटारीची मागील चाके मुद्दाम घसरवावयाची आणि आडव्या चाललेल्या गाडीला ताब्यात ठेवून तशीच वळणापार न्यावयाची. ही विद्या जपानची. कुनिमित्सु ताकाहाशी हे मूळचे मोटारसायकलीचे शर्यतपटू. १९६१ साली जागतिक मालिकेतील मोटारसायकल शर्यत जिंकणारे ते पहिले जपानी ठरले. पुढे ते मोटारींच्या शर्यतींकडे वळले आणि १९७० नंतरच्या दशकात त्यांची गाडी आडवी घालण्याची तऱ्हा लोकांच्या डोळ्यांत भरली. त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन केइइची त्सुचिया यांनी तिचा सराव डोंगरातल्या घाटरस्त्यांवर केला. २००१ साली जपानात आणि २००४ साली अमेरिकेत तिच्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिका सुरू झाल्या. या स्पर्धांत घड्याळाला महत्त्व नाही. गाडीचा मार्ग, तिचा कोन, तिचा वेग आणि चालविण्याची ऐट यांवर परीक्षक गुण देतात.

यामागचे शास्त्र मला माझ्या धंद्याच्या भाषेत फार लवकर उमगले. टायरची जमिनीवरील पकड हे एक मंजूर अनुदान समजा. त्याच रकमेतून गाडीला पुढे ढकलावयाचे, थांबवावयाचे आणि वळवावयाचेही असते. एका बाबीवर सगळी रक्कम उधळली, की दुसऱ्या बाबीसाठी काही उरत नाही. वळणावर इंजिनाचा जोर एकाएकी वाढविला, की मागील चाकांची पकड पुढे ढकलण्यातच खर्च होते आणि गाडीची शेपटी बाहेरच्या बाजूस सरकते. त्या क्षणी चालक पुढची चाके वळणाच्या उलट दिशेस, म्हणजे गाडी जिकडे घसरते आहे तिकडे, फिरवितो आणि पायाखालच्या जोराने घसरण कायम राखतो. अपघातातली घसरण आणि ही घसरण यांत फरक इतकाच, की एक आपल्या हुकमाने होते आणि दुसरी हुकमावाचून.

आता यासाठी मालमोटार का? भाच्याची गाडी निस्सानची, १९८६ ते १९९७ या काळात अमेरिकेत विकल्या गेलेल्या 'हार्डबॉडी' मालिकेतली होती. इंजिन पुढे आणि जोर मागील चाकांना, ही ड्रिफ्टिंगची पहिली अट ती पुरी करते. हौदा रिकामा असल्यामुळे मागच्या चाकांवर भार कमी, म्हणून ती सहज घसरतात. तिचे २.४ लिटरचे इंजिन हे, ड्रिफ्टिंगवाल्यांची लाडकी असलेल्या निस्सानच्याच '२४० एसएक्स' या मोटारीच्या इंजिनाच्या कुळातले. त्यामुळे जुन्या बाजारातून सुटे भाग मिळविणे सोपे जाते. पण तोटेही आहेत. ही गाडी उंच, मागे पाट्यांची कमान, आणि शेपटी इतकी हलकी, की घसरते लवकर पण आवरते उशिरा.

भाच्याच्या यादीत सर्वांत वर होता टर्बो, त्याखाली रुंद चाके आणि रंग. तांबडी पेन्सिल प्रथम तेथेच चालली. नवशिक्याला अधिक शक्तीची गरज नसते. ओल्या मैदानावर थोड्या शक्तीतही चाके सुटतात, आणि शिकावयाचे असते ते त्यांना आवरणे. म्हणून मी यादी उलटी करून मांडली.

पहिली बाब गाडीच्या आरोग्याची. ब्रेक, चाकांचे बेअरिंग, रेडिएटर, तेल. आडव्या गाडीच्या रेडिएटरला समोरचा वारा पुरेसा मिळत नाही आणि इंजिन मात्र सतत चढ्या फेऱ्यांवर असते. तेव्हा थंडाव्यावर केलेला खर्च म्हणजे इंजिनाचा विमाच. त्याच बाबीत चालकाचे शिरस्त्राण, त्याला घट्ट धरून ठेवणारी बैठक आणि खांद्यांवरून येणारे पट्टे. येथे काटकसर नाही.

दुसरी बाब डिफरन्शियलची. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. हा फरक सांभाळणारी दातेरी चाकांची पेटी म्हणजे डिफरन्शियल. पण साध्या पेटीत एक दोष आहे. आतले चाक हलके झाले, की तेच एकटे गरगर फिरते आणि बाहेरच्याला जोर पोचत नाही. ड्रिफ्टिंगला दोन्ही चाके एकत्र फिरावी लागतात. त्यासाठीची खास पेटी महाग असते. गरिबाचा मार्ग म्हणजे आतली दातेरी चाके वेल्डिंगने एकमेकांस कायमची जोडून टाकणे.

तिसरी बाब पाट्यांची. गाडी खाली बसविली, की तिचे झुकणे कमी होते. या गाडीच्या पुढच्या बाजूस पीळ खाणाऱ्या पोलादी दांड्या आहेत. त्यांचा पेच सैल केला, की पुढचा भाग खाली येतो आणि खर्च केवळ श्रमाचा. मागे, जेथे आस पाट्यांच्या वर बसविलेला असतो, तेथे दोहोंमध्ये ठोकळा घातला की काम होते. मात्र जोर दिल्यावर पाटे पिळवटतात आणि आस उड्या मारू लागतो. त्यास आवरण्यासाठी चौकटीपासून आसापर्यंत एक मजबूत दांडा जोडावा लागतो, आणि शॉक अॅब्सॉर्बर चांगले घ्यावे लागतात.

चौथी बाब स्टिअरिंगची. पुढची चाके जितकी अधिक वळतील, तितक्या मोठ्या कोनातून गाडी सावरता येते. पाचवी, हातब्रेक: तो ओढून मागील चाके क्षणभर अडविली, की घसरण सुरू होते. टायर पुढे चांगले आणि मागे जुने चालतात. परंतु आतले धागे दिसू लागलेले टायर कोठेच चालत नाहीत.

हा शेरा पाठवून मी निश्चिंत झालो. दोन महिन्यांनी त्याचे पत्र आले. त्यात हिशेब नव्हता. त्याने डिफरन्शियल जोडून घेतले होते आणि त्याच गाडीने तो रोज कामावरही जात होता. एका पावसाळी संध्याकाळी चौकात साधे वळण घेताना मागील दोन्ही चाके एकदम सुटली. जोडलेल्या चाकांपैकी एकाला वळणात घासतच जावे लागते. कोरड्या रस्त्यावर ते नुसते कुरकुरते, ओल्या रस्त्यावर शेपटीच सोडून देते. गाडी अर्धी फिरून फुटपाथच्या कडेला टेकली. तेथे बसथांबा होता आणि थांब्यावर माणसे उभी होती. हातभर अंतर राहिले.

चूक त्याची होती, तशी माझीही. मी प्रत्येक बाब तपासली; पण गाडी मैदानापर्यंत जाणार कशी, हा रकाना यादीत नाही, हे माझ्या ध्यानात आले नाही. जी गाडी मैदानासाठी बदलली, ती रस्त्याला मुकली. तिला दुसऱ्या गाडीमागे, ट्रेलरवर घालून नेणे हाच तिचा खरा खर्च, आणि तो पहिल्या ओळीत हवा होता. आपल्याकडेही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याने ठरविलेल्या स्वरूपात असे फेरफार करण्यास मनाई करते. त्यामागे कोणा तरुणाच्या हौसेचा द्वेष नाही. बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाने त्या हौसेला संमती दिलेली नसते, एवढेच त्या कलमाचे म्हणणे आहे.

त्यानंतर मी दोन पत्रे लिहिली. एक बहिणीला, सर्व काही सांगणारे. दुसरे भाच्याला, ट्रेलरच्या भाड्याचा रकाना घालून. त्याने रंग, रुंद चाके आणि टर्बो कायमचे खोडले आणि तो रकाना ठेवला. आता महिन्यातून एक रविवार त्याची मालमोटार ट्रेलरवर बसून बंदिस्त मैदानावर जाते आणि तेथे मनसोक्त घसरते. इतर दिवशी तो बसने कामावर जातो. थांबा तोच आहे. पाऊस असला, की आपण कडेपासून दोन पावले मागे उभे राहतो, असे त्याने मला कळविले आहे.