रेशीम कीटकांची मांडणी : जाळीला झोळ पडू नये म्हणून

दिनांक १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा प्रामुख्याने सोयाबीन, कापूस, तूर आणि हळद या पिकांसाठी ओळखला जातो. या पिकांच्या जोडीला तुतीची लागवड व रेशीम कीटकांचे संगोपन हा पूरक व्यवसायही जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी स्वीकारला आहे. पूर्वी मराठवाड्यातील अनेक उत्पादकांना आपले कोष विकण्यासाठी कर्नाटकातील रामनगरपर्यंत जावे लागत असे. २०१८ मध्ये जालना येथे कोष बाजारपेठ सुरू झाल्याने ही अडचण बरीच दूर झाली.

तुतीची जात, खतपाणी आणि अंडीपुंजांची प्रत यांविषयी शेतकऱ्यांना सल्ला मिळतो. परंतु ज्या लोखंडी मांडणीवर हे कीटक वाढतात, तिच्या मजबुतीचा विचार सहसा फारसा होत नाही. गावातील वेल्डिंगच्या दुकानात अंदाजाने अँगल कापले जातात, त्यांवर तारेची जाळी ताणली जाते आणि काम झाले असे समजले जाते. मांडणीतील उणीव उघड होते ती पीक हाताशी आल्यावर, म्हणजे ती दुरुस्त करण्यास वेळ उरलेला नसताना. म्हणून जाळीच्या कप्प्यामागील शास्त्र समजून घेणे अगत्याचे आहे.

शेवटच्या आठवड्यातील भार

रेशीम अळी आपल्या साधारण २४ ते २८ दिवसांच्या आयुष्यात चार वेळा कात टाकते. या काळात तिचे वजन सुमारे दहा हजार पटींनी वाढते. एकूण पाल्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक पाला ती पाचव्या व अखेरच्या अवस्थेत, म्हणजे शेवटच्या सात-आठ दिवसांत खाते. शंभर अंडीपुंजांपासून साधारण चाळीस हजार अळ्या मिळाल्या व प्रत्येकीचे वजन चार ते पाच ग्रॅम झाले, तर केवळ अळ्यांचेच वजन १६० ते २०० किलो होते. त्यात तुतीच्या ताज्या फांद्या, आधीच्या दिवसांच्या पाने खाल्लेल्या काड्या आणि विष्ठा यांची भर पडते. पहिले दोन आठवडे जो कप्पा सपाट दिसतो, तोच शेवटच्या आठवड्यात खाली येतो, याचे कारण हेच होय.

कप्पा मध्यभागी खचला की फांद्या व अळ्या त्या खोलगट भागाकडे सरकतात. तेथे गर्दी होते, हवा खेळत नाही आणि ओल साचते. दाटी व दमटपणा हे रोगांना पोषक असतात. खालच्या कप्प्यावरील मोकळी जागाही कमी होते. महिनाभराचे श्रम आणि पाल्यावरचा खर्च अशा रीतीने अखेरच्या टप्प्यात धोक्यात येतो.

झोळ का पडतो ?

समजा, मांडणी पाच फूट रुंद आहे आणि तिचे खांब दर पाच फुटांवर आहेत. म्हणजे एका खणाचे क्षेत्र २५ चौरस फूट झाले. सुरक्षिततेसाठी प्रत्येक चौरस फुटावर ३ किलो भार धरला, तर एका कप्प्याच्या एका खणावर ७५ किलो वजन येते. चार कप्पे असल्यास हा आकडा ३०० किलोंवर जातो.

बारीक तारेची जाळी फळीप्रमाणे ताठ राहून वजन पेलत नाही. ती दोरीच्या बाजेप्रमाणे ताणावर वजन पेलते. झोळ जितका कमी ठेवावा, तितका ताण वाढतो. वरील उदाहरणात पाच फूट अंतरात एक फूट रुंदीच्या जाळीला दोन इंच झोळ मान्य केला, तर तिच्या टोकाशी सुमारे ५६ किलो ओढ बसते. झोळ एकच इंच हवा असेल, तर ती ओढ सुमारे ११२ किलो होते. पाच फूट लांबीच्या कडेवर ही ओढ ५६० किलो होईल. इतकी ओढ कडेचा हलका अँगल आत वाकविण्यास पुरेशी असते. जाळी अधिक जोराने ताणून हा प्रश्न सुटत नाही तो यामुळेच.

यावरील उपाय म्हणजे जाळीखालील आधारांतील अंतर कमी करणे. पाच फुटांच्या मध्यावर एक आडवा आधार दिला, की तेवढाच एक इंच झोळ ठेवूनही प्रत्येक फुटामागील ओढ ११२ किलोंवरून २८ किलोंवर येते. अंतर निम्मे होते तेव्हा ओढ चौथाईवर येते, हा नियम ध्यानात ठेवावा. जाळी जाड करण्यावर जो पैसा खर्च होतो, त्यापेक्षा आडव्या आधारांवर केलेला खर्च बहुधा अधिक फलदायी ठरतो.

जाळी निवडतानाही काळजी घ्यावी. कुंपणासाठी वापरतात ती एकमेकींत अडकविलेल्या तारांची जाळी भाराखाली सरकते व पसरते. प्रत्येक छेदावर तारा जोडलेली वेल्डमेश जाळी आपला आकार टिकवते. तिची टोके केवळ वाकवून अडकवू नयेत. ती कडेच्या अँगलला पक्की जोडावीत.

पट्टी उभी बसवावी

आडव्या आधारासाठी लोखंडी पट्टी वापरल्यास ती सपाट न ठेवता उभ्या कडेवर बसवावी. २५ मिलिमीटर रुंद व ३ मिलिमीटर जाड पट्टी सपाट ठेवली असता जितकी वाकते, तिच्या सुमारे एकोणसत्तराव्या हिश्शाइतकीच ती उभी ठेवल्यावर वाकते. लोखंड तेच, वजन तेच आणि किंमतही तीच. फरक फक्त ठेवण्याच्या पद्धतीचा आहे. उभी पट्टी भाराखाली बाजूला कलंडू शकते, म्हणून ती जाळीला जागोजागी जोडणे आवश्यक असते. पाच फुटांच्या लांबीला मात्र इतकी हलकी पट्टी पुरेशी ठरत नाही. तेथे अँगल किंवा चौकोनी पाइप वापरणे श्रेयस्कर.

लांबीचा परिणामही मोठा असतो. दर फुटावर सारखाच भार असेल, तर आधाराची लांबी निम्मी केल्यास त्याचा बाक सोळाव्या हिश्शावर येतो. लांब खण करून चार खांब वाचविण्याचा मोह म्हणून महागात पडतो.

चौकट डुलू नये

केवळ उभे खांब व आडव्या पट्ट्या यांची चौकट बाजूने ढकलली असता तिरकी होऊ शकते. चौकोनाचे कोपरे सरकतात, त्रिकोणाचे सरकत नाहीत. म्हणून मांडणीच्या दोन्ही टोकांना आणि लांबीच्या दिशेने काही खणांत तिरप्या पट्ट्या द्याव्यात. पाला टाकण्याच्या बाजूस अडथळा होणार नाही, अशा बेताने त्यांची जागा ठरवावी.

वरच्या कप्प्यापर्यंत हात पोहोचावा म्हणून खालच्या कप्प्याच्या कडेवर पाय देण्याची सवय अनेक ठिकाणी आढळते. पसरलेला भार पेलणारी कडही माणसाच्या एकवटलेल्या वजनाने वाकू शकते. संगोपनगृहात स्वतंत्र घडवंची किंवा छोटी शिडी ठेवणे हा यावर साधा उपाय आहे.

गंजाचा बंदोबस्त

प्रत्येक पिकापूर्वी संगोपनगृह व मांडणी यांचे निर्जंतुकीकरण करावे लागते. त्यासाठी वापरली जाणारी ब्लीचिंग पावडर लोखंडास गंज चढविते. संगोपनगृहातील दमट हवा त्यास साहाय्य करते. मुंग्यांचा उपद्रव टाळण्यासाठी खांबांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतात. तेथे गंज सर्वांत आधी लागतो. तार बारीक असल्याने गंजाचा परिणाम तिच्यावर लवकर होतो. तीन मिलिमीटरची तार गंजून अडीच मिलिमीटर उरली, तर तिची ताकद जवळजवळ तीन दशांशाने घटते.

जस्ताचा मुलामा दिलेल्या जाळीत जस्त स्वतः झिजून लोखंडाचे रक्षण करते. परंतु वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागचा मुलामा जळून जातो. म्हणून प्रत्येक सांधा घासून त्यावर जस्तयुक्त रंग द्यावा. जळत्या जस्ताचा धूर श्वासावाटे गेल्यास थंडीताप येतो. हे काम कारागिराने मोकळ्या हवेतच करावे. निर्जंतुकीकरणाची विहित वेळ संपल्यावर लोखंडी भाग स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे केल्यास मांडणीचे आयुष्य वाढते. खांबांच्या पायांना प्रत्येक पिकानंतर रंगाचा हात देणे हिताचे.

आधी एक खण तपासावा

संपूर्ण मांडणी तयार करून घेण्यापूर्वी एकच खण बनवून त्याची परीक्षा करणे सहज शक्य आहे. वाळूच्या लहान पिशव्या वजन करून कप्प्यावर सारख्या पसराव्यात. वरील उदाहरणातील खणासाठी ७५ किलो वाळू लागेल. दोन्ही कडांना दोरी ताणून मध्यभागी जाळी किती खाली आली, हे पट्टीने मोजावे. वाळू एक दिवस तशीच ठेवावी व काढल्यावर पुन्हा मोजावे. जाळी मूळ जागी परत आली, तर रचना योग्य आहे असे समजावे. झोळ कायम राहिल्यास आधार वाढवावा किंवा जाड अँगल घ्यावा. ही परीक्षा एका दिवसाची आहे. तिच्यामुळे पुढील दुरुस्तीचा खर्च वाचतो.

हेच नियम बियाण्यांच्या साठवणुकीसाठी किंवा दुकानातील मालासाठी केलेल्या जाळीच्या मांडणीसही लागू पडतात. तेथे भार अधिक व एकवटलेला असल्याने प्रत्यक्ष वजन धरून आधारांतील अंतर ठरवावे लागते.

मांडणी एकदा उभी राहिली, की तिच्यावर वर्षातून चार-पाच पिके घेता येतात. तिचा आराखडा ठरविताना शेतकरी बांधवांनी जिल्हा रेशीम कार्यालयाचा सल्ला घ्यावा, भाराचा हिशेब कारागिरासमवेत बसून करावा आणि पहिला खण वाळूने तपासल्यावरच उरलेले लोखंड कापू द्यावे.