गच्चीची जयणा

23 सप्टेंबर 2023 ची पहाट रामदासपेठेतील रहिवासी विसरणार नाहीत. काही तासांत नागपुरात 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी काठच्या वस्त्यांत शिरले. गणेशोत्सवाचे आणि दशलक्षण पर्वाचे ते दिवस होते. अशा वेळी सर्वांची दृष्टी तळमजल्याकडे असते. घराच्या माथ्याकडे सहसा कोणी पाहत नाही. वस्तुतः एक हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एवढ्या पावसाचे सुमारे 9,300 लिटर पाणी पडते. निचऱ्याच्या पाइपाचे तोंड पालापाचोळ्याने बुजलेले असेल, तर ते पाणी स्लॅबवरच उभे राहते.

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. स्लॅब दिवसा प्रसरण पावतो, रात्री आकुंचन पावतो आणि त्यातून बारीक भेगा पडतात. पावसाळ्यात त्याच भेगांतून पाणी लोखंडी सळयांपर्यंत पोहोचते. गंजलेले लोखंड फुगते आणि काँक्रीटचे पोपडे सुटू लागतात. छतावरील ओला डाग दिवाळीच्या रंगाने झाकला, तरी आतील गंज थांबत नाही.

म्हणून पाऊस ओसरताच पहिले काम निरीक्षणाचे. पाऊस थांबून चोवीस तास उलटल्यावरही जेथे पाणी साचलेले दिसते, ती जागा कागदावर नोंदवून ठेवावी. घरात डाग दिसतो त्याच्या नेमक्या वरच भेग असते असे नाही. पाणी उताराने दूरवर जाऊन झिरपते. कठडा व गच्ची यांचा सांधा, पाइपाचे तोंड आणि पाण्याच्या टाकीचा पाया या जागा विशेष तपासाव्यात. जलरोधक लेप मात्र घाईने लावू नये. ओल्या पृष्ठभागावर तो टिकत नाही. गच्ची पूर्ण सुकल्यावर, भेगा उकरून व भरून मगच तो द्यावा. मुळात उतारच चुकला असेल, तर लेपाने भागत नाही. कोबा नव्याने घालून उतार साधावा लागतो. सळया उघड्या पडल्या असतील, तर प्रथम स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

जैन कुटुंबापुढे येथे आणखी एक प्रश्न उभा राहतो. साचलेल्या पाण्यात शेवाळ धरते आणि शेवाळ हे अनंतकाय मानले आहे. ते वाढू द्यावे तर पाय ठेवणेही विराधनेचे. घासून काढावे तरी हिंसा. यावर जयणेचा मार्ग एकच: शेवाळ धरण्याजोगी ओल राहूच न देणे. वर्षाकाळात जीवोत्पत्ती अधिक होते, म्हणून साधुसाध्वी चातुर्मासात एका ठिकाणी राहतात. श्रावकानेही गच्चीची झाडलोट, पाइपांची सफाई आणि भेगांची डागडुजी आषाढापूर्वी, कोरड्या दिवसांत उरकावी. कठड्याच्या कोपऱ्यात कबुतराचे घरटे असेल, तर पिल्ले उडून जाईपर्यंत तेवढा भाग सोडावा.

आता खर्चाविषयी. सहकारी गृहनिर्माण संस्थेत गच्चीतून होणारी पावसाची गळती हा सर्वांत वरच्या मजल्यावरील सभासदाचा खासगी प्रश्न समजला जातो. आदर्श उपविधींनुसार मात्र तिच्या दुरुस्तीचा खर्च संस्थेने करावयाचा असतो. त्यासाठीच दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के दुरुस्ती निधी आणि किमान 0.25 टक्के सिंकिंग फंड गोळा करण्याची तरतूद आहे. मासिक वर्गणी कमी ठेवण्याच्या मोहाने हा निधी टाळला, तर आजची बचत उद्या मोठ्या रकमेची मागणी होऊन दारात येते, आणि तोवर वरच्या मजल्यावरील कुटुंब बादल्या मांडून पावसाळे काढते. शेजाऱ्याच्या छतावरील डाग आपला मानणे, हेही साधर्मिक वात्सल्यच होय.

संस्थांच्या वार्षिक सभा साधारणतः सप्टेंबरअखेर होतात. पाणी साचलेल्या जागांचा तो साधा कागद त्या सभेत मांडला, तर पुढील पावसाळ्याची तयारी तेथूनच सुरू होईल.