कुठूनही निघा, शेवटी ६१७४!
मुलांनो, वही-पेन्सिल घ्या. चार अंकी कोणतीही संख्या लिहा, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने मांडा, ५४३२. मग चढत्या क्रमाने, २३४५. वजाबाकी केली की ३०८७. या उत्तरालाही तसंच करा: ८७३० − ०३७८ = ८३५२. पुन्हा ८५३२ − २३५८ = ६१७४. आणखी एकदा करून बघा, हलतंय का?

जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत संख्या इथे येतेच. मुलं अडकतात ती शून्यापाशी. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. ते ०९९९ असंच लिहायचं, नाहीतर पुढे हाती भोपळा!

ही गंमत शोधली देवळालीला राहणाऱ्या द. रा. कापरेकर या शाळामास्तरांनी. आता तुमचं जन्मवर्ष घ्या. किती वजाबाक्या लागल्या?