जगाला आवडलेला ‘मायग्रंट मदर’ फोटो तिच्याच मुलींना का खुपायचा?

फोटो तुम्ही पाहिलाय. नाव माहीत नसेल, पण पाहिलाय.

कपाळावर आठ्या पडलेली एक बाई. उजव्या हाताची बोटं गालाला लागलेली. नजर कॅमेऱ्याकडे नाही, कुठंतरी लांब. दोन्ही खांद्यांवर दोन पोरं तोंड लपवून टेकलीयत आणि मांडीवर एक तान्हं बाळ झोपलंय.

मदर्स डे आला, गरिबीवर कुणी काही लिहिलं, ‘जगाला हादरवणारे १० फोटो’ अशी यादी निघाली की हा फोटो असतोच. ‘मायग्रंट मदर’ म्हणजे कामासाठी गावोगाव हिंडणारी आई, या नावानं तो ओळखला जातो. १९३६ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात डोरोथिया लँग या फोटोग्राफरनं तो काढला.

पण फोटोतल्या बाईचं नाव काय? पुढची ४२ वर्षं ते जगाला कळलं नाही. कारण साधं होतं. फोटो काढणारीनं ते विचारलंच नव्हतं.

सरकारनं फोटोग्राफर का नेमले होते?

१९२९ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि महामंदी सुरू झाली. बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले. त्यातच मधल्या राज्यांमध्ये दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी शेती उद्ध्वस्त केली. ओक्लाहोमा, टेक्सस, आर्कान्सा अशा भागांतली हजारो कुटुंबं जुनाट गाड्यांवर चूलबोळकी बांधून कॅलिफोर्नियाकडे निघाली. तिथं आज कापूस, उद्या वाटाणा, परवा बीट असं जे पीक असेल ते तोडायचं, आणि काम संपलं की पुढचं शेत गाठायचं. ऊसतोडीच्या हंगामात पोराबाळांसकट कारखान्याच्या वाटेला लागलेली बिऱ्हाडं ज्यांनी पाहिलीत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारनं १९३५ मध्ये या शेतकरी-मजुरांसाठी एक खातं उघडलं. आधी त्याचं नाव ‘रिसेटलमेंट ॲडमिनिस्ट्रेशन’ होतं, पुढे ‘फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन’ झालं. मदतीवर खर्च होणारा पैसा खरंच कुठं लागतोय हे शहरातल्या करदात्याला पटवायचं होतं. त्यासाठी रॉय स्ट्रायकर नावाच्या माणसाच्या हाताखाली फोटोग्राफर नेमले गेले. वॉकर इव्हान्स, पुढे गॉर्डन पार्क्स, आणि सुरुवातीपासूनच्या डोरोथिया लँग.

आज आपण ज्याला डॉक्युमेंट्री फोटोग्राफी म्हणतो, तिचा पाया घालण्यात या खात्याचा मोठा वाटा आहे. बातमीचा फोटो घटनेमागे धावतो. डॉक्युमेंट्री फोटोग्राफर मात्र रोजच्या जगण्याजवळ थांबतो. माणसं कुठं झोपतात, काय शिजवतात, पोरांना कुठं अंघोळ घालतात हे तो टिपतो. आणि त्यासोबत एक कागद असतो. फोटोत कोण आहे, कुठं, कधी, हे सांगणारी ओळ, म्हणजे कॅप्शन. कॅप्शन नसेल तर तो फोटो सुंदर असू शकतो, पण दस्तऐवज म्हणून अर्धाच राहतो.

कोण होत्या लँग?

जन्म १८९५ चा. सातव्या वर्षी पोलिओ झाला आणि पाय कायमचा लंगडा राहिला. सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचा स्टुडिओ होता, तिथं शहरातली श्रीमंत कुटुंबं छान कपडे घालून फोटो काढून घ्यायला यायची. मंदी आली आणि बाहेर रस्त्यावर बेकारांच्या रांगा दिसायला लागल्या, तसा त्यांनी कॅमेरा बाहेर नेला.

एक गोष्ट त्यांच्या कौतुकात बऱ्याचदा गळून जाते. लँग स्वतः दोन मुलांची आई होत्या आणि या फिरतीच्या काळात आपली मुलं त्यांना दुसऱ्यांच्या घरी ठेवावी लागत होती. दुसऱ्यांच्या आईपणाचे फोटो काढणारी बाई स्वतःच्या मुलांपासून लांब होती. त्याबद्दल त्यांना बोल लावणं सोपं आहे. पण मंदीच्या काळात पोटासाठी घर विस्कटलेल्या कुटुंबांमध्ये त्यांचंही कुटुंब होतं, असं म्हणणं जास्त खरं ठरेल.

आणि दुसरी गोष्ट. लँग लोकांशी बोलण्यासाठी ओळखल्या जायच्या. त्यांचे दुसरे पती पॉल टेलर हे अर्थतज्ज्ञ होते. दोघं मिळून मजुरांच्या तळांवर जायचे आणि माणसं काय बोलली ते वहीत उतरवून घ्यायचे. १९३९ मध्ये दोघांनी काढलेल्या पुस्तकात फोटोंसोबत मजुरांचे स्वतःचे शब्द छापलेत. इतकी काटेकोर बाई. आणि जो फोटो सगळ्यात गाजला, नेमकी त्याचीच नोंद कच्ची राहिली.

त्या दहा मिनिटांत काय झालं?

१९३६ सालचा हिवाळा संपत आला होता. महिनाभराचं काम आटोपून लँग एकट्याच गाडीनं घरी निघाल्या होत्या. निपोमो गावाजवळ वाटाणा तोडणाऱ्यांच्या तळाची पाटी दिसली. त्या थांबल्या नाहीत. फोटो भरपूर झाले होते, थकवा होता, पाऊस होता. पण ती पाटी डोक्यातून जाईना. वीसेक मैल पुढे गेल्यावर त्यांनी गाडी वळवली.

तळावर हजारो माणसं अडकली होती. थंडी-पावसानं वाटाण्याचं पीक गेलं होतं, म्हणजे काम नाही आणि मजुरीही नाही. कडेला एका फाटक्या तंबूत ही बाई पोरांसोबत बसलेली दिसली. लँग लांबून फोटो काढत काढत जवळ गेल्या. आधीच्या फोटोंत अख्खा तंबू दिसतो, खुर्चीत बसलेली मोठी मुलगी दिसते. शेवटच्या फोटोत फक्त चेहरे आणि हात उरले.

लँग यांनी १९६० मध्ये एका मासिकात ही आठवण लिहिली. आपण तिचं नाव विचारलं नाही, तिची कहाणी विचारली नाही, हे त्यांनी स्वतःच त्यात सांगितलंय. फक्त वय कळलं, ३२. शेतातल्या गोठलेल्या भाज्या आणि पोरांनी मारलेली पाखरं यांवर ते जगतायत आणि अन्नासाठी गाडीची चाकं नुकतीच विकलीयत, असंही त्यांनी लिहिलं. आपल्या फोटोंचा तिला उपयोग होईल हे तिला कळलं असावं, म्हणून तिनंही साथ दिली, असं लँग यांना वाटलं होतं.

फोटो सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात आले आणि सरकारी यंत्रणा हलली. वीस हजार पौंड, म्हणजे नऊ टनांच्या आसपास अन्न त्या तळावर गेलं. फोटोनं पोटं भरली, हे निर्विवाद.

फक्त ते अन्न पोचलं तेव्हा ही बाई आणि तिची पोरं तिथं नव्हती. ती पुढच्या गावाला निघून गेली होती.

आता बाईची बाजू

१९७८ मध्ये मोडेस्टो शहरातल्या स्थानिक वर्तमानपत्रानं तिला शोधलं. ती एका मोबाइल होममध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात राहत होती. नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन.

जन्म १९०३ चा, आजच्या ओक्लाहोमा राज्याच्या भूमीत. आणि ती होती चेरोकी, म्हणजे अमेरिकेच्या मूळनिवासी समाजातली. युरोपातून आलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या दैन्याचं प्रतीक म्हणून अमेरिकेनं जो चेहरा उराशी धरला, तो ज्यांच्या जमिनी आधीच हिरावल्या गेल्या होत्या त्या समाजातल्या बाईचा निघाला. एक प्रश्न विचारला असता तर हे १९३६ मध्येच कळलं असतं. पण मग तो फोटो त्या काळच्या वाचकांना इतका ‘आपला’ वाटला असता का, हा प्रश्न जरा अडचणीचा आहे.

तिचा पहिला नवरा १९३१ मध्ये क्षयानं गेला, तेव्हा सहावं मूल पोटात होतं. त्यानंतर दिवस उजाडायच्या आधी कापसाच्या शेतात शिरायचं आणि दिसेनासं होईपर्यंत तोडणी करायची, असं तिचं आयुष्य होतं. निपोमोच्या त्या तळावर तिचं कुटुंब वाटाणा तोडायला आलंच नव्हतं. वाटेत गाडी बिघडली म्हणून ते थांबले होते. तिचा जोडीदार आणि मोठी मुलं गाडीचा भाग दुरुस्त करायला गावात गेली होती, तेवढ्यात लँग आल्या.

आणि चाकं विकल्याची गोष्ट? मुलगा म्हणाला, साफ चूक. गाडीला होती तेवढीच चाकं आमच्याकडे होती, आणि त्याच गाडीनं आम्ही तिथून निघालो. लँग यांनी बहुधा दुसऱ्या कुटुंबाची हकिगत आमच्या नावावर टाकली, असं त्याचं म्हणणं होतं. तळावर माणसं हजारो होती आणि आठवण लिहिली चोवीस वर्षांनी, तेव्हा हे सहज शक्य आहे.

फ्लॉरेन्सचा राग वेगळाच होता. फोटो छापणार नाही आणि एक प्रत पाठवीन असं आपल्याला सांगितलं होतं, असं तिचं म्हणणं होतं. ना प्रत आली, ना कधी एक पैसा मिळाला. फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, असं ती म्हणाली. लँग १९६५ मध्येच वारल्या होत्या, त्यामुळे त्यांची बाजू ऐकायची सोय उरली नव्हती.

पैशाचं गणित मात्र समजून घ्यायला हवं. लँग तेव्हा सरकारी नोकर होत्या. त्यामुळे फोटो सरकारचा, म्हणजेच जनतेचा. कुणीही छापू शकतं, कुणालाही रॉयल्टी नाही. लँग यांनाही त्यावर रॉयल्टी मिळाली नाही. त्यांना नाव मिळालं. फ्लॉरेन्सच्या वाट्याला फक्त ओळखीचा चेहरा आला, तोही बिननावाचा.

मग मुलींना तो फोटो का नको वाटायचा?

पोरांना लाज वाटायची. आपण त्या फोटोतले आहोत हे कुणाला कळू नये, असं त्यांना वाटे. खांद्यावर तोंड लपवलेल्या दोघींपैकी एकीनं म्हातारपणी सांगितलं की आई घराचा कणा होती. स्वतः उपाशी राहायची, पण पोरांना काहीतरी खाऊ घालायचीच. आणि तिच्या मांडीवर झोपलेली ती तान्ही मुलगी मोठेपणी म्हणाली की आईला गाणी आवडायची, नाचायला आवडायचं, ती मजेत जगणारी बाई होती. फोटोतली आई पाहिली की वाईट वाटतं, कारण आई तशी आठवायला आवडत नाही.

प्रत्येक घरात आईचा एक आवडता फोटो असतो. लग्नातला, सहलीतला, हसताना डोळे मिटले गेलेला. या घरातल्या आईचा जगाला माहीत असलेला एकच फोटो आहे, आणि तो तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दुपारचा. बाकीची ऐंशी वर्षं त्यात नाहीत. मुलांनी हौसेनं तिला मोडेस्टोत घर घेऊन दिलं होतं. तिला ते रुचलं नाही, ती परत आपल्या चाकांवरच्या घरात राहायला गेली, हेही त्यात नाही.

१९८३ मध्ये फ्लॉरेन्स आजारी पडली. कॅन्सर होता आणि पक्षाघाताचा झटकाही आला. दवाखान्याचा खर्च झेपेना, तेव्हा मुलांनी वर्तमानपत्रातून मदत मागितली. मदत मागताना ओळख दिली ती त्याच फोटोची. देशभरातून दोन हजारांवर पत्रं आली आणि तीस हजार डॉलरच्या वर पैसे जमले. कित्येकांनी लिहिलं होतं की आमच्या आईनंही असेच दिवस काढले. इतकी वर्षं हा फोटो म्हणजे आपल्याला लागलेला डाग वाटत होता, पण तो लोकांसाठी काय आहे ते या पत्रांमुळे पहिल्यांदा कळलं, असं मुलानं नंतर सांगितलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती गेली. तिच्या थडग्यावर मुलांनी तिच्या नावासोबत ‘मायग्रंट मदर’ हे शब्द कोरून घेतले.

आणि तो अंगठा

हा फोटो पुढच्या वेळी समोर आला तर उजवीकडचा खालचा कोपरा नीट पाहा. मूळ फोटोत तिथं तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता. लँग यांना तो खटकायचा, म्हणून १९३९ मध्ये त्यांनी निगेटिव्हवरून तो पुसून घेतला. रॉय स्ट्रायकर भडकले, कारण दस्तऐवजात खाडाखोड करायची नसते असं त्यांचं मत होतं. मतभेदाला जागा आहे, पण पुसण्यापेक्षा न विचारणं जास्त महागात पडलं, असं या फोटोचा पुढचा इतिहास पाहून वाटतं. अंगठा तसाही पुरता गेला नाही, त्याची धूसर सावली अजून दिसते.

या फोटोंच्या प्रती अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वेबसाइटवर फुकट उतरवून घेता येतात. मूळ कॅप्शनमध्ये वाटाणा तोडणारे कंगाल मजूर, सात मुलांची आई, वय ३२, निपोमो, एवढीच माहिती आहे. मुख्य फोटो पाहून झाला की त्याच दिवशी तिथंच काढलेले बाकीचे फोटोही उघडा. त्यांत गळका तंबू आहे, रिकामं ताट आहे, आणि खुर्चीत बसलेली ती मोठी मुलगी आहे, जी जगप्रसिद्ध चौकटीत मावली नाही.